ट्रॉलीची मान

आवाज बद्द आला. कमलाकरने मुद्दाम ठोकलं नव्हतं. ट्रॉलीच्या कडेने चालता चालता तिच्यावर पडलेला एक पाना त्याने उचलला होता आणि लोखंडी बीमवर सहज वाजवत तो मागून पुढे येत होता. टण, टण, टण, आणि मग बद्द. त्याच्या पुढे हातभर पुन्हा टण. बाजारात बाई मडकं बोटाने वाजवून बघते आणि काही न बोलता खाली ठेवते, तसा तो थांबला. डाव्या हातात शेंडी राखलेला नारळ होता. संजनाने त्याच्या कपाळाला लावलेलं कुंकू घामाने ओघळून भुवईत उतरलं होतं. आपल्याला ऐकू आलं ते आणखी कुणाला आलं का, हे त्याने आधी पाहिलं, आणि कुणाला आलं नाही म्हणून त्याला चक्क बरं वाटलं. मेहुणा आनंदा पुढे घोड्याच्या केबिनमधून अर्धा बाहेर वाकून ट्रेलर विकणाऱ्या मालकाशी बोलत होता. घोडा म्हणजे ट्रेलरचा इंजिनवाला पुढचा भाग, आणि मागचा चाळीस फुटी सांगाडा, ज्याच्यावर कंटेनर बसतो, ती ट्रॉली. आनंदाची बायको संजना रांगोळीचा डबा उघडत होती. कमलाकरची बायको हौसा, म्हणजे आनंदाची थोरली बहीण, गॅरेजवाल्याने आणून दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत पदराने वारा घेत बसली होती. पळस्पे फाट्याच्या पुढचं ते गॅरेजचं आवार मार्चच्या उन्हात नुसतं भाजत होतं.

खरं तर त्याला इथे ट्रॉली बघायला कुणी बोलावलंच नव्हतं. चार दिवसांपूर्वी आनंदाचा फोन आला, "दाजी, ट्रेलर घेतंय. आपला सोताचा. नारळ तुमीच फोडायचा." त्यांच्या भावकीत ही रीतच होती. होडी असो, टेम्पो असो, घराचा पाया असो, पहिला नारळ थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने फोडायचा. आणि नारळ फुटला की सौदा झाला. त्याच्या आधी लाख घासाघीस करा, पण फुटल्यावर माघार नाही, तक्रार नाही, आणि नारळ हातात घेतलेल्या माणसाने तर वाकडा शब्द काढायचाच नाही, नाट लागते. कमलाकरने आजवर सासरची दोन घरं, एक टेम्पो आणि संजनाची मसाला कुटायची डंकण अशा चार वास्तूंचे नारळ फोडले होते. हार घालून घ्यायचा, फोडायचा, खोबरं वाटायचं, जेवायचं, घरी यायचं. मान मोठा, काम हमालाचं. आपण एक चांगल्यापैकी नारळ फोडणारं यंत्र आहोत, असं त्याला पुष्कळदा वाटायचं. पण ते कुणाला बोलून दाखवण्याइतकाही उत्साह आताशा उरला नव्हता. आज सकाळी कामोठ्याच्या घरातून निघताना त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि हौसाला विचारलं, जेवण कुठं हाय. एवढंच विचारलं.

पाना हातात तसाच होता. त्याने पुन्हा ठोकलं नाही. दुसऱ्यांदा ठोकलं की ते ऐकणं ठरतं, आणि ऐकलं की बोलावं लागतं. हे ज्ञान त्याला फुकट मिळालं नव्हतं. बापाचं मिठागर बंदराच्या जमिनीत गेलं, त्याच्या बदल्यात खटपटी करून घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती ह्याला. सव्वीस वर्षं तो एका कंटेनर यार्डाच्या गेटवर उभा होता. येणारा प्रत्येक ट्रेलर बघायचा, कागदावर खुणा करायच्या, सही करायची, आत सोडायचा. पहिल्या वर्षी त्याने सगळं बघितलं. कंटेनरचे चार कोपरे ज्यांनी ट्रॉलीला जखडतात ते लॉक झिजलेत, स्प्रिंगच्या पाट्याची पानं तुटलीत, टायरवर दुसऱ्यांदा रबर चढवलंय, सगळं लिहिलं. त्या वर्षी त्याच्या गेटपासून रांग हायवेपर्यंत जायची, ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या द्यायचे, आणि सुपरवायझर म्हणायचा, "कमलाकर, तू डॉक्टर हायस का?" मग हळूहळू डोळे शहाणे झाले. बघायचं, पण आत घ्यायचं नाही. ठीक, ठीक, ठीक. एकदा भर दुपारी, क्रेनने कंटेनर ठेवता ठेवता, यार्डातच एक ट्रॉली मानेत मोडली. बीम जिथे वाकून वर चढतो आणि घोड्यावर टेकतो त्या जागेला मान म्हणतात, तिथे. घोडा पुढून उचलला गेला आणि दाणकन आपटला, केबिनमधला ड्रायव्हर कमरेतून गेला तो कायमचा. वीस मिनिटांपूर्वी कमलाकरने ती ट्रॉली ठीक म्हणून आत सोडली होती. चौकशीत कुणी त्याचा कागद मागितलासुद्धा नाही. त्या ड्रायव्हरचं नाव त्याला आता आठवत नाही. स्वतःची सही मात्र आठवते, घाईत केलेली, शेवटचं अक्षर न उमटलेली.

आणि बद्द आवाज आला तोही मानेजवळच. अर्थात बद्द म्हणजे तडाच असतो असं नाही. आतल्या बाजूला चिखल थापून बसला असेल. कुणी जाड पट्टी मारून मजबुती केली असेल. रंगाचे चार थर असतील. मालकाने ट्रॉलीला नवाकोरा लाल रंग मारून आणला होता. सेकंडहँड ट्रॉलीला नवा रंग दिसला की आधी रंगाला विचारावं, बाई तू इथं कशाला आलीस. पण विचारतो कोण? पहिला ट्रेलर घेणारा माणूस घोडा बघतो. इंजिनचा आवाज ऐकतो, धूर बघतो, गिअर टाकून बघतो, सीटवर बसून स्टिअरिंग कुरवाळतो. बावीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवलेला आनंदासुद्धा तेच करत होता. ड्रायव्हरचा सगळा जीव घोड्यात. ट्रॉली त्याच्या पाठीमागे असते, आरशात दिसते तेवढीच त्याची. खरं तर ओझं ट्रॉली उचलते. ट्रॉलीचे कागद वेगळे, तिचा नंबर वेगळा, तिचं फिटनेस वेगळं. बीमवर ठोकलेला चासी नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का, हे वाकून, बोटाने धूळ पुसून वाचावं लागतं. घोड्याला जोडणारी जाड पिन किती झिजली, हे खाली झोपून बघावं लागतं. एकाच एक्सलची टायरं आतल्या बाजूने खाल्ली असतील तर समजावं की सांगाडा तिरका आहे. ट्रॉली मोकळी करून, घोड्यापासून सोडवून बघावी, ती आपल्या पायांवर सरळ उभी राहते का. आणि घेण्याआधी विचारावं की हिने आजवर काय वाहिलं. नुसती कंटेनर वाहिलेली वेगळी आणि कळंबोलीच्या बाजारातल्या लोखंडी पत्र्याची अवजड गुंडाळी वाहिलेली वेगळी. गुंडाळी एकाच जागी सगळं वजन देते, मान मोडते ती तिनेच. हे सगळं त्याला येत होतं. सव्वीस वर्षांत हे एवढंच येत होतं, आणि ते कुणी कधी विचारलं नव्हतं, घरातसुद्धा. "तुमी काय करता नेमकं?" असं हौसाने नोकरी लागल्यावर विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "गेटवर असतंय." तिथेच तो विषय मिटला.

बोलायचं म्हणजे काय होतं हेही त्याने एकदा पाहिलं होतं. मुलीच्या वेळेला. स्नेहलचं लग्न उलव्याच्या एका मुलाशी ठरलं होतं, साखरपुड्याला दोन दिवस होते, आणि गेटवर कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्या पोराला फिट येते. त्याने कुणाला विचारलं नाही, शहानिशा केली नाही. आयुष्यात प्रथमच आपल्याला काहीतरी माहीत आहे, इतरांना नाही, ह्या जाणिवेने तो फुगला. साखरपुड्याच्या मांडवात, दोन्हीकडच्या माणसांसमोर, तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे लगीन होणार नाय." पोराचा बाप उठून चालता झाला. पोराला फिट येत नव्हती, ताप नव्हता, साधी सर्दीही नव्हती. कुणाच्या तरी पोटात दुखलं होतं, एवढंच. त्या मुलाला आता दोन मुलं आहेत, उलव्यात फ्लॅट आहे, आणि तो दिसला की नमस्कार करतो, हे सगळ्यात वाईट. स्नेहल तेहतीस वर्षांची झाली. घरातच खालच्या खोलीत शिकवण्या घेते. बापाशी भांडत नाही. "बाबा, पाणी तापलंय," म्हणते. "बाबा, डबा घेतलात?" म्हणते. ती भांडली असती तर तो सुटला असता. हात दाखवून अवलक्षण, असं सासू म्हणाली होती, आणि ते शब्द घरात कायमचे राहिले. तेव्हापासून त्याने ठरवलं नाही, पण झालं असं की तो बोलेनासा झाला. लग्नात, वाटणीत, दवाखान्यात, माणसं त्याला बोलावतात, तो जातो, खुर्चीत बसतो. दाजींचं काही नसतं, अशी त्याची कीर्ती झाली होती, आणि दमलेल्या माणसाला कीर्तीची गादीही चालते.

"दाजी, चला ना," संजनाने हाक मारली. "ऊन वाढतंय. रांगोळी काढली की लगेच फोडा." ती घोड्याच्या पुढच्या चाकासमोर उकिडवी बसली होती. हिरवी साडी नवी होती. मसाल्याच्या डंकणीवर बारा वर्षं उभी राहून तिच्या बोटांची पेरं कायमची तांबूस झाली होती, धुतली तरी जात नव्हती. डंकणीचा कामोठ्यातला गाळा तिने स्वतःच्या हिमतीने घेतला होता, आणि परवा तो विकायचा कागद झाला होता. आज नारळ फुटला की संध्याकाळी गाळ्याचे पैसे ट्रेलरच्या मालकाला जायचे. कमलाकर तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण फोडून टाकावा. गरगर फिरवून आपटावा दगडावर, तुकडे चहूकडे उडावेत, आणि घरी जाऊन आडवं व्हावं. बद्द आवाज काय, यार्डातल्या अर्ध्या ट्रॉल्यांचा येतो. त्या चालतात. वर्षानुवर्षं चालतात. न चालणारी एखादीच असते.

"संजना," तो म्हणाला, "तो रांगोळीचा डबा जरा दे."

"तुमी काढणार?" ती हसली. हौसाही खुर्चीत हसली. "अवो, ह्यांना काय जालं?"

त्याने नारळ संजनाच्या हातात दिला, तेव्हा तिचं हसू थोडं थांबलं. गॅरेजवाल्याच्या बाकड्यावरून डिझेलचा बोळा, एक कोरडा बोळा आणि एक पत्र्याचा तुकडा त्याने उचलला आणि इस्त्रीच्या शर्टासकट तो ट्रॉलीखाली शिरला. छप्पन्न वर्षांची कंबर. आधी गुडघे, मग कोपर, मग पाठ. खालून ट्रॉली वेगळीच दिसते. तिथे रंग पोचलेला नव्हता, जुना गंज, ग्रीसचे पोपडे, कुठल्या तरी गावच्या लाल मातीचे थर. मानेच्या जागी मात्र रंग होता. खालून रंग. भीती वाटली की आनंद झाला हे त्याला कळेना. पत्र्याने त्याने खरवडलं. रंगाखाली पुटीन निघालं, भिंतीला लावतात तसलं. पुटिनाखाली वेल्डिंगने मारलेली पट्टी. पट्टीच्या कडेचं लोखंड त्याने डिझेलने भिजवलं, मग कोरड्या बोळ्याने खसखसून पुसून काढलं आणि चिमटीने रांगोळी भुरभुरवली. जुन्या वेल्डरने त्याला हे शिकवलं होतं. खडूची पूड लागते, पण रांगोळीही चालते. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं. शेजारी पान्याने दोनदा ठोकलं आणि तो वाट बघत पडून राहिला. पांढरं पांढरंच होतं. नाकात रांगोळीची धूळ गेली. वरून एक विमान गेलं, आताशा ती सारखी जातात. काहीच नव्हतं. त्याला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पुन्हा एकदा मांडवात उभे राहिलो आपण. आता बाहेर निघायचं, कपडे झटकायचे, हसायचं. आणि मग पट्टीच्या कोपऱ्यातून केसाएवढी काळी रेघ सुटली. ती खाली आली, थांबली, पुन्हा निघाली, आणि बीमच्या उंचीच्या अर्ध्यापर्यंत जाऊन ओली चमकत राहिली.

चार बोटांवर दुसरं तोंड आलं. आनंदा शेजारी सरपटत आला होता, नव्या पांढऱ्या शर्टात. त्याने रेघेकडे बघितलं. कमलाकर त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की ह्या माणसाला धक्का बसलेला नाही.

"दाजी," आनंदा अगदी हळू म्हणाला, "पुसा तो."

"तुला ठाव होता?"

"पयल्याच दिवशी बगितला. बावीस वर्षा काय झक मारली?" तो थोडा थांबला. बाहेर संजनाची जोडवी घातलेली पावलं दिसत होती, हिरवे काठ, धुळीत. "ती बोलली, दाजींनी नारळ फोडला तरच पैसं देईन. दाजी गेटवर असतात, त्यांना गाडीतला कलतंय. म्हणून बोलावला तुमाला."

म्हणजे कुणीतरी विचारलं होतं. म्हणजे ह्या सगळ्या घरात एका बाईला वाटलं होतं की कमलाकरला काहीतरी कळतं. "आणि मी बघितला असता तर?" त्याने विचारलं.

"तुमी बोलणार नाय, मना ठाव होता." आनंदा हे टोचून बोलला नाही. एखाद्याच्या चांगल्या गुणाबद्दल बोलावं तसं बोलला. "दाजी, एक तारखेला गाडी कंपनीला लावायची हाय. नाय लावली तर नंबर दुसऱ्याला जाईल. चांगली ट्रॉली आपल्या आवाक्यात नाय. मी जपून चालवीन. भारी माल घेणार नाय. पन्नाशी आली. अजून किती वर्षा दुसऱ्याच्या गाडीत झोपू?"

आनंदा भारी माल घेणार नाही, हे त्यालाही खरं वाटत नव्हतं. त्याच्या आवाजातूनच ते कळत होतं. कमलाकरला त्याचा राग यायला हवा होता. राग आला नाही. आली ती ओळख. हाही दमलेला, आणि दमलेल्या माणसाला तडा दिसत नाही असं नाही. दिसतो, आणि तो त्याच्यावर पुटीन लावतो. आपण सव्वीस वर्षं तेच केलं. आणि ही सगळी दुनिया आपल्यासारख्या माणसांच्या न बोलण्यावर भरवसा ठेवून धडाधडा धावते आहे, हे त्याला त्या लोखंडाखाली पडल्या पडल्या इतकं लख्ख दिसलं की लाज वाटली. अंगभर, पायाच्या नखापर्यंत लाज वाटली. तो मागे सरकू लागला. "दाजी," आनंदाने त्याचा दंड धरला, मग आपणच सोडला.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. शर्ट पार गेला होता. मालक मोबाइल कानावरून काढून बघत होता, हौसा खुर्चीतून उठली होती, आणि संजना दोन्ही हातांत नारळ धरून उभी होती.

"नारळ नाय फोडायचा," कमलाकर म्हणाला. आवाज चिरका आला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "ही ट्रॉली नाय घ्यायची. मानेत तुटलेली हाय. आज नाय तर सहा महिन्यांनी मोडंल, आणि मोडंल तवा आनंदा केबिनमध्ये असंल. खाली जाऊन बग, रेघ दिसतेय."

"ओ साहेब, तो जुना वेल्ड आहे," मालक पुढे आला. "कंपनी वेल्ड आहे तो."

"तुमचा वेल्ड तुमी ठेवा," कमलाकर म्हणाला. हे एवढं सोपं वाक्य होतं. हौसाने कपाळाला हात लावला. "नारळ हातात घेतल्यावर असा बोलतात का? नाट लावलात ना!" तिच्या डोळ्यांत जुना मांडव उभा राहिलेला त्याने बघितला. त्याने मान खाली घातली नाही. घालायची ताकदही नव्हती.

संजना खाली गेली नाही. तिने रेघ बघितलीच नाही. ती बघत होती आनंदाकडे. तो ट्रॉलीखालून निघून गुडघे झटकत उभा होता, झटकून झाल्यावरही झटकत होता.

"दाजी," ती म्हणाली, "खरा सांगा. ह्यांना ठाव होता?"

गॅरेजमधला ग्राइंडर बंद झाला होता, किंवा त्याला तसं वाटलं. आनंदाचे हात गुडघ्यांवर थांबले. गाळा उद्या वाचेल, सौदा मोडता येईल, कागद फाडता येईल. पण ह्या प्रश्नाचं उत्तर एकदा बाहेर पडलं की ते त्यांच्या घरात रोज पाणी तापवणार, रोज डबा भरणार. कमलाकरने आयुष्यभर गप्प राहून पुष्कळ खोटं खपवलं होतं, पण तोंड उघडून, जाणूनबुजून, एका माणसासाठी, कधी नाही.

"नाय," तो म्हणाला. "त्याला कसा ठाव असणार? वरून पुटीन होता, रंग होता. आत झोपून खरवडला तवा मलाच दिसला."

संजनाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिला पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग तिने नारळ ताटात ठेवला, ताट हौसाच्या हातात दिलं आणि ती घोड्याच्या आरशाला बांधलेला झेंडूचा हार सोडायला लागली. गाठ पक्की होती. तिने दाताने तोडली. मालक कुणाला तरी फोनवर मोठमोठ्याने सांगू लागला की पार्टी कच्ची निघाली.

आनंदा कुंपणापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. रस्त्यावरून उरणकडे ट्रेलरमागून ट्रेलर जात होते, भरलेले, रिकामे. कमलाकर त्याच्या शेजारी जाऊन थांबला. आनंदा म्हणाला, "जुन्या शेटला फोन करायला पायजे. सांगायला पायजे, उद्या परत त्याच्या गाडीवर येतंय म्हणून." आणि त्याचे खांदे हलायला लागले.

कमलाकरला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. हात डिझेलने बरबटलेले होते आणि त्याच्या अंगातला शर्ट नवा होता. तरी त्याने ठेवला.